चढण्याआधीचा सत्कार

राहीबाईच्या सोप्यात गेला महिनाभर हिमालय मांडून ठेवला होता.

घोंगड्यावर नकाशा पसरलेला, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार कप, आणि कपांत अर्धा अर्धा चहा सोडलेला. दर रविवारी थोरला पृथ्वीराज साताऱ्याहून मोटारसायकल मारत यायचा. त्याच्या मागोमाग इंद्रजित आपल्या खताच्या दुकानाचं शटर अर्धं ओढून यायचा. आणखी दोघंतिघं यायचे, आणि मधोमध राहीबाईचे मालक, रिटायर सुभेदार लालासाहेब, मिशीला पीळ देत बसायचे. लडाखात दहा-बारा दिवस चालायचं, दोन खिंडी ओलांडायच्या, तंबूत निजायचं आणि परत यायचं, असा बेत होता. परत येताना काय आणायचं, हे राहीबाईनं पहिल्याच रविवारी विचारलं होतं.

"आणायचं काही नाही, आई," पृथ्वीराज म्हणाला होता. "अनुभव घ्यायचा."

"मग इथंच घे की. उसाचा पाला काढायला चल. दम बी लागंल, अनुभव बी मिळंल."

पोरगं हसलं आणि पुन्हा नकाशात डोकं घालून बसलं. राहीबाई चौथीपर्यंतच शिकलेली, पण माणूस वाचायला तिला शाळा लागत नव्हती. सोप्यातल्या एकेकाला ती चहाबरोबर वाचून काढायची. इंद्रजितला स्वतःच्या दुकानाच्या माडीचा जिना चढताना मध्येच थांबून कुणाला तरी फोन लावावा लागायचा, म्हणजे धाप लागली असं लोकांना वाटू नये. तो आता सतरा हजार फूट चढणार होता. त्यानं पुण्याहून दोन काठ्या मागवल्या होत्या, ओढल्या की लांब होणाऱ्या.

"धडधाकट मानसाला दोन दोन काठ्या?" राहीबाईनं विचारलं. "माझी सासू नव्वदीची हून मेली, तिला एक पुरली."

"काकी, ते तोल सांभाळायला असतंय."

"तुझा तोल पुढच्या बाजूला गेलाय रं. काठ्या पोटाखाली लाव."

सराव म्हणून ही मंडळी पहाटे डोंगराईच्या टेकडीवर जायची. पाठीवरच्या पिशव्यांना वजन पाहिजे म्हणून इंद्रजितनं दुकानातल्या खताच्या पुड्या भरून दिल्या होत्या. देवीच्या डोंगरावर खत घेऊन जायचं आणि खत घेऊन परत यायचं, हे बघून राहीबाईला यांच्या अकलेची दया आली. निदान वर दोन झाडांना तरी घालून यायचं.

असा तिचा तोंडाचा पट्टा सगळ्यांवर चालायचा. लालासाहेबांवर मात्र चालायचा नाही. ते बोलायला लागले की राहीबाई कप गोळा करून आत जायची.

"बर्फ कसा असतो सांगू का?" लालासाहेब म्हणायचे. "पाय टाकला की मांडीपतुर आत. आन् वारा असा, की मिशीचा केस मोडून हातात यायचा. खिंडीच्या माथ्यावर आमी उभं, खाली ढग. कळसूबाईवर कळसूबाई ठेवा, तिच्यावर आनखी एक ठेवा. तिथं."

सोप्यातली मंडळी पुढं सरकायची. पृथ्वीराज तीस वर्षांचा बाप्या, साताऱ्याच्या कंपनीत हाताखाली माणसं असलेला, पण त्या वेळी त्याचे डोळे शाळकरी पोरासारखे व्हायचे. याच गोष्टी ऐकत तो वाढला होता. शाळेत 'माझे वडील' हा निबंध लिहिताना त्यानं तीच खिंड लिहिली होती आणि पहिला नंबर काढला होता. आता त्याला ती खिंड बापाबरोबर चढायची होती. "आबा आपले लीडर," असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

खरी गोष्ट आत भांडी आपटणाऱ्या बाईला ठाऊक होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी लालासाहेब विमानानं लेहला उतरले. तिसऱ्या दिवशी त्यांच्या छातीत पाणी झालं, तोंडाला गुलाबी फेस आला, ओठ जांभळासारखे पडले. स्ट्रेचरवर घालून त्यांना पुन्हा विमानात चढवलं. बर्फ त्यांनी बघितला तो खिडकीतून. पुढची सगळी नोकरी अंबाल्याच्या कोठारात पीठ, साखर आणि घासलेट मोजण्यात गेली. सुट्टीवर आल्यावर हे त्यांनी एकट्या राहीबाईला सांगितलं, तिच्या मांडीवर डोकं ठेवून, आणि पुन्हा आयुष्यात कधी त्याचं नाव काढलं नाही. त्याऐवजी लोकांना खिंड सांगायला लागले. गावातल्या दुसऱ्या कुणाची थाप असती तर राहीबाईनं ती भर चौकात सोलून ठेवली असती. पण ही थाप मोडायची तर तिच्याबरोबर पोराचा बापही मोडत होता.

थापेनं कुणाचं पोट दुखत नव्हतं, तोवर तिनं सोसलं. आता ती थाप माणसाला उचलून बर्फात न्यायला निघाली होती.

ट्रेकवाल्यांना डॉक्टरचा दाखला पाहिजे होता, म्हणून तिघं मिरजेला गेली. राहीबाई मुद्दाम बरोबर गेली. डॉक्टर संकटातून मार्ग काढील, असं तिला वाटलं होतं. छातीचा फोटो झाला, हृदयाची पट्टी झाली, रक्त झालं. सगळं चांगलं आलं. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण बोलायला नीट.

"यापूर्वी कधी उंचावर गेला होता?"

"मॅडम, आबा सैन्यात होते," पृथ्वीराज हसत म्हणाला. "बर्फातच होते."

"तिथं त्रास झाला होता का, ते विचारतेय. श्वासाचा? छातीत पाणी वगैरे?" बाईनं लालासाहेबांकडं बघितलं. "ज्याला एकदा तसं झालंय, त्याला परत व्हायची भीती फार असते. इथल्या तपासणीत ते दिसत नाही. आणि वर झालं, लवकर खाली आणता आलं नाही, तर माणूस हातचा जातो."

लालासाहेबांनी शर्टाची वरची गुंडी लावली. पोरगं बापाकडं बघत होतं, राहीबाईही बघत होती.

"काय न्हाई," लालासाहेब म्हणाले. "मला? आन् उंचीवर तरास?"

बाईनं सही केली. राहीबाईच्या ओठापर्यंत आलेलं तिथंच थांबलं. सबंध आयुष्यात तिनं जीभ एवढी कधी चावली नव्हती.

घरी आल्यावर पृथ्वीराज साताऱ्याला निघून गेला. तशी ती गोठ्यात वैरण टाकत असलेल्या मालकासमोर जाऊन उभी राहिली.

"आवं, त्या बाईफुडं काय बोलला तुमी?"

"काय बोललो?"

"फेस आला व्हता कुनाच्या तोंडाला? माझ्या का म्हशीच्या?"

"हळू बोल."

"हळूच बोलत आले इतकी वर्सं. मरायचं असलं तर हितं मरा की. चार मानसं खांदा देतील, मी रडीन, जेवनं हुतील. तिथं वर कोन रडायचं?"

लालासाहेब पेंढीची गाठ सोडत राहिले. "पोराला आता कुठल्या तोंडानं सांगू?" ते खाली बघून म्हणाले. "त्येला वाटतंय, आपला बाप..."

"म्हाइताय मला काय वाटतंय."

"बरं. इंद्राला सांगतो उद्या. गुडघा धरलाय म्हनतो."

"गुडघा धरा, कंबर धरा, काय बी धरा. पर हितं ऱ्हावा."

त्या दिवशी राहीबाईला जेवण गोड लागलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालून लालासाहेब परत आले, ते पांढरेफटक पडून. चौकात फ्लेक्स लागला होता.

फ्लेक्स म्हणजे केवढा, तर मागचं पिठाच्या गिरणीचं दार झाकून गेलं होतं. वर सोनेरी अक्षरांत 'हिमवीर सुभेदार लालासाहेब यांच्या नेतृत्वाखाली हिमालय मोहिमेस निघालेल्या वाघांचा भव्य सत्कार'. मधे लालासाहेबांचा वर्दीतला जुना फोटो. मागं कुठला तरी परदेशी डोंगर, त्याच्या पायथ्याला लाकडी बंगला आणि एक तपकिरी गाय. आणि लालासाहेबांपेक्षा दीडपट मोठा इंद्रजित, गॉगल लावून, कानाला फोन लावून. कारण मोहीम लडाखात असली तरी इंद्रजितला पुढच्या ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. माणूस डोंगर चढून आला की हार घालतात, एवढं राहीबाईला ठाऊक होतं. हे गाव चढायच्या आधीच हार घालून मोकळं होत होतं. पडला तर हार वाया जायला नको, असा हिशेब असावा.

"आता गुडघा धरला तर गाव म्हनंल, सुभेदारानं शेपूट घातलं," लालासाहेब सोप्याच्या पायरीवर बसून म्हणाले. "आता जायाचंच. काय हुईल ते हुईल. सैनिकाला..."

"कोठारात साखर मोजनारा मेला तर झेंड्यात गुंडाळत न्हाईत," राहीबाई बोलून गेली.

लालासाहेबांचा चेहरा असा उतरला की तिला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. मारलं नाही. आत जाऊन तिनं भाकरी मात्र दोनदा करपवली.

सत्कार झाला डोंगराईच्या गावातल्या देवळापुढच्या मंडपात. फेटे, शाली, नारळ. इंद्रजितनं माईक हातात घेतला तो खाली ठेवायचं नाव काढीना. वाघ, सिंह, सह्याद्री, हिमालय, सगळे येऊन गेले. मग त्यानं लालासाहेबांना फेटा बांधला. पृथ्वीराज बापाच्या शेजारी उभा होता, कडक इस्त्रीत, आणि सबंध गावाला दाखवावा असा बाप मिळाल्यासारखा हसत होता.

"आन् आता," इंद्रजित ओरडला, "वीरपत्नी राहीकाकींचा सत्कार!"

बायकांच्या बाजूनं चुकचुकल्याचा आवाज आला. फौजी गाव. हा मान कुणाला मिळतो आणि का मिळतो, ते तिथल्या पोरासोरांना ठाऊक. राहीबाई उठली, मंचावर चढली आणि तिनं इंद्रजितच्या हातातला माईक काढून घेतला. घेताना त्याचं मनगट असं पिरगाळलं की माईकबरोबर त्याचा हातही थोडा आला.

"इंद्रा, माझं कुंकू हाय अजून," ती म्हणाली. माईक खणखणला. "मानूस समोर उभा हाय. गॉगल काढ, दिसंल."

मंडप हसला. राहीबाई हसली नाही. तिनं मालकाकडं बघितलं. फेट्याखाली त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. मग पोराकडं बघितलं. आणि जन्मभर खोटं बोलणाऱ्याची सालटी काढत आलेल्या राहीबाईनं पदर डोक्यावर घेतला.

"ही निघाली हाईत बर्फात. पर ह्येंना जाता यायचं न्हाई," ती म्हणाली. "का, ते आज सांगते. लग्न झालं आन् ह्येंना पलटनीनं वर बर्फात नेलं. मला दोन म्हैनं कागूद न्हाई. तवा मी डोंगराईफुडं पदर पसरला. म्हनलं, आई, ह्यो मानूस जित्ता परत दे. मी हाय तवर त्येचा पाय परत बर्फाला लागू द्यायची न्हाई. देवीनं दिला. आता बोला."

बायकांतल्या दोघी-चौघींनी देवळाकडं बघून हात जोडले.

"आई," पृथ्वीराज म्हणाला, "हे कधी बोलली नाहीस."

"नवस काय आठवड्याच्या बाजारात सांगायचा असतोय?"

"काकी," इंद्रजितनं मनगट चोळत वाट काढायचा प्रयत्न केला, "देवीला नारळ-बिरळ फोडून काय मोकळं होता येत न्हाई का?"

"येतंय की. तू फोड. देवीच्या पायावर हात ठेव आन् सांग, ह्येंना काय झालं तर माझ्यावर. जा, देऊळ मागंच हाय."

इंद्रजितनं हात खिशात घातला. निवडणूक जवळ होती.

सगळं मिटल्यासारखं झालं होतं. इतक्यात बायकांतून शालूबाई उठली. शालूबाई म्हणजे राहीबाईची थोरली जाऊ, आणि गावात राहीबाईच्या जिभेला पुरून उरेल अशी एकटीच.

"व्हय गं राहे," ती खालूनच म्हणाली. तिला माईक लागत नव्हता. "म्हैनाभर तुझ्या सोप्यात नकाशा पसरलाय. तू च्या करून घालतीयास. तवा नवस आठवला न्हाई व्हय?"

सगळ्या माना राहीबाईकडं वळल्या. तिनं माईक या हातातून त्या हातात घेतला.

"आठवला व्हता, आक्का," ती म्हणाली. "म्हनलं, मानूस आपनहून शाना हुईल. झाला न्हाई."

पुरुषांच्या बाजूनंही हसू फुटलं. पण शालूबाई खाली बसली नाही.

"हार पडलं, फेटं बांधलं, म्हंजी नवसाला हात लागला. देवीला असं चालत न्हाई. पाच मंगळवार अनवानी डोंगराई चढायची. पायवाटनं. मी येनार संगं बघाया."

बायकांनी माना डोलावल्या. रीत रीतसारखीच होती. डोंगर चढणाऱ्यांना महिनाभर शिव्या घालणाऱ्या राहीबाईच्या पायाखाली डोंगर येऊन पडला.

"चढीन की," ती म्हणाली. "त्यात काय."

लालासाहेबांनी फेटा उतरवला, कपाळाला लावला आणि जड आवाजात म्हणाले, "देवीफुडं सैनिकाचं चालत न्हाई." बायकांनी डोळ्याला पदर लावले. राहीबाईच्या मनात आलं, हा माणूस उगाच सैन्यात गेला. तमाशाच्या फडात गेला असता तर घराला नाव मिळालं असतं.

पोरं लडाखला गेली, आणि राहीबाई डोंगराईला.

तिसऱ्या मंगळवारी तिच्या टाचेत दोन काटे होते आणि तोंडात शिव्या होत्या. पुढं ती, मागं लालासाहेब तिच्या चपला हातात धरून, आणि त्यांच्या मागं शालूबाई, चपला घालून, राहीबाईचे पाय नीट अनवाणी आहेत का ते बघत. वाट तापलेली. खाली सगळीकडं ऊस हिरवागार उभा.

"बस जरा," लालासाहेब म्हणाले.

"बसून डोंगर खाली येतोय व्हय?"

तेवढ्यात त्यांच्या खिशात फोन वाजला. पृथ्वीराज होता, लेहहून. लालासाहेबांनी आवाज मोठा केला.

"आबा, पोहोचून दोन दिवस झाले. उद्या चालायला निघतोय." बोलताना तो मध्ये थांबत होता. "इंद्रजितदादा तर हॉटेलच्या जिन्यावरच बसलाय. मला काही नाही. जरा खोकला आहे. रात्री छातीत घरघरतंय. पण म्हटलं, आबा राहिले इथं, मग मला काय होतंय!"

लालासाहेबांच्या हातातली एक चप्पल खाली पडली. तीस-बत्तीस वर्षं ज्या माणसाला शब्द कमी पडला नव्हता, त्याला आता एकही सुचेना. राहीबाईला त्या जांभळ्या ओठांची आठवण झाली. तिनं फोन हिसकावून घेतला.

"पृथ्वी, तू उद्या चालायचं न्हाईस."

"आई, अगं..."

"आत्ताच्या आत्ता डागतराकडं जा. छातीत घरघरतंय म्हनून सांग. त्यो खाली जा म्हनला की इमानात बसायचं. नवसात तू बी हाईस."

"नवस आबांचा होता!"

"बर्फाचा व्हता. ह्या घरातल्या पुरुषमानसाच्या छातीत घरघरलं की त्येनं तिथनं खाली उतरायचं, असं बोललेय मी देवीला."

"आई, मी तेव्हा जन्मलोही नव्हतो."

"जन्मायचा व्हतास म्हनूनच बोलले."

पलीकडून खोकला आला. पोरगं बापाच्या वळणावर गेलं होतं, हटवादी. राहीबाईनं फोन लालासाहेबांच्या तोंडापुढं धरला आणि डोळे वटारले.

"पृथ्वी," लालासाहेब म्हणाले. आवाज फाटला होता. "आई म्हनती तसं कर. खाली उतरन्यात लाज नसती, पोरा. हुकूम हाय माझा."

"बरं, आबा," पोरगं म्हणालं. "जातो."

फोन बंद झाला. लालासाहेब वाटेवरच्या दगडावर बसले आणि पडलेली चप्पल उचलून तिच्यावरची माती बोटांनी पुसत राहिले. शालूबाई मागून वर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"नवस वाढला म्हन की," ती म्हणाली.

"व्हय, वाढला."

"मग मंगळवार बी वाढलं."

राहीबाईनं वरच्या चढाकडं बघितलं. "वाढू द्या. तुमाला बी चालायला लागंल, आक्का. बघाया येनार हाय म्हनलाय गावाफुडं."

शालूबाईचं तोंड कडू झालं. तेवढ्यानंच राहीबाईच्या पायात बळ आलं.

तिघं माथ्यावर पोचली तोवर पुन्हा फोन आला. डॉक्टरनं पृथ्वीराजला ऑक्सिजनची नळी लावून निजवलं होतं. छातीत पाणी धरायला नुकती सुरुवात झाली होती. आज आला ते बरं केलंस, उद्या सकाळच्या विमानानं खाली जा, म्हणाला होता. पोराचा आवाज बारीक झाला होता, पण खोकला कमी होता.

राहीबाई एकटी गाभाऱ्यापुढं गेली. हात जोडले, पण मान वाकवली नाही.

"तुझ्या नावावर दोनदा खोटं बोलले," ती देवीला म्हणाली. "दोनदा तू निभावलंस. आता तिसऱ्यांदा बोलायला लावू नगंस. टाचंत काटं हाईत."

बाहेर सावलीला लालासाहेबांच्या जिवात जीव आला होता. दर्शनाला आलेली चार माणसं त्यांच्याभोवती बसली होती.

"पोराला म्हनलं, उतर," ते सांगत होते. "कारन मला म्हाइताय ना. खिंडीच्या माथ्यावर आमी असताना..."

राहीबाईनं घंटेची दोरी हातात धरली आणि एवढ्या जोरानं ओढली की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही.